न दिसणाऱ्या टोकाचा हिशेब

शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापूरखाली काय आहे, याचे पहिले उत्तर तिथला कुणीही देईल: काळा कातळ. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर आंबा घाटाच्या कड्यांत उघडे पडलेले दिसतात. पण कातळ किती खोल जातो आणि तो संपल्यावर काय लागते, हे वरून कळत नाही. जमिनीत कंपनलहरी सोडून खालचे चित्र काढायचे म्हटले, तर बेसॉल्टच्या थरांत त्या विखुरतात आणि चित्र धूसर होते. सौराष्ट्रात अशाच लाव्हाखाली जुने गाळाचे थर सापडले आहेत, आणि तेल मिळायचे तर बहुधा गाळाच्या थरांतच. मलकापूरच्या उत्तरेला, कोयना-वारणा भागात, भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल बोअर घेतले गेले तेव्हा तिथल्यापुरता निकाल लागला. रासाटीला सुमारे 930 मीटरवर बेसॉल्ट संपला. गोठण्याला 3 किलोमीटर खोल गेलेल्या बोअरमध्ये तो सुमारे 1,250 मीटर भरला. दोन्हीकडे त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा पायाभूत खडक लागला. मध्ये गाळाचा थर नव्हता. वरून बांधलेल्या अंदाजांचा निवाडा शेवटी हातात आलेल्या खडकाने केला.

जिथे डोळा पोहोचत नाही तिथे गणिताने पोहोचण्याची ही वेळ तेलाचा शोध घेणाऱ्या भूशास्त्रज्ञावर येते, तशीच रुग्णाच्या शिरेतून हृदयाजवळ कॅथेटर नेणाऱ्या डॉक्टरवरही. दोघांची सूत्रे वेगळी, अडचण एकच. म्हणून दोघांना एकच नियम लागू पडतो: सूत्राने आलेला आकडा हा अंदाज असतो. दुसऱ्या, स्वतंत्र मोजणीने तो पडताळल्याशिवाय त्याच्यावर निर्णय सोपवू नये.

तेलाकडे आधी पाहू. फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’वरून खोदताना, मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रात मुंबई हायचे तेल लागले. अशा क्षेत्रात बोअर घेतल्यावर तारेला बांधलेली उपकरणे आत सोडतात आणि खडकाचा विद्युत रोध मोजतात. खारे पाणी वीज वाहून नेते, तेल नेत नाही. म्हणून रोध जास्त असेल तिथे तेलाची आशा. या रोधावरून पाण्याचा वाटा काढण्याचे सूत्र आर्ची या अभियंत्याने 1942 मध्ये मांडले, तेही वालुकाश्माच्या नमुन्यांवरून. उदाहरणादाखल, खडकाची सच्छिद्रता 20 टक्के, पाण्याचा रोध 0.1 आणि खडकाचा 20 ओहम-मीटर धरू. सूत्रातला सच्छिद्रतेचा घातांक 2 घेतला, तर छिद्रांत 35 टक्के पाणी आणि 65 टक्के तेल निघते. तोच 2.5 घेतला, तर पाणी 53 आणि तेल 47 टक्के. बोअर तेच, उपकरणाचे आकडेही तेच; बदलले ते फक्त एक गृहीत. मुंबई हायचा मुख्य तेलसाठा चुनखडकात आहे, आणि चुनखडकातल्या पोकळ्या अनेकदा एकमेकींना जोडलेल्या नसतात. तिथे हा घातांक वाढतो. म्हणून खडकाचा गाभा काढून प्रयोगशाळेत तपासावा लागतो आणि विहिरीतून प्रत्यक्ष काय वाहते, तेही पाहावे लागते. पुढे एकूण साठा काढताना क्षेत्रफळ, जाडी आणि सच्छिद्रता यांचा गुणाकार होतो. तिन्हींत 10-10 टक्क्यांची चूक एकाच दिशेने झाली, तर 100 चा साठा 73 ठरतो किंवा 133.

कॅथेटरचे गणित याहून साधे आहे, पण तिथे चूक माणसाच्या जिवावर बेतते. मानेच्या उजव्या बाजूच्या शिरेतून नळी घालताना उंचीला दहाने भागतात: 160 सेंटिमीटर उंचीच्या माणसाला 16 सेंटिमीटर. टोक हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याच्या तोंडाशी यावे, हा हेतू. नवजात बाळाच्या नाळेतल्या धमनीसाठी वजनाची तिप्पट अधिक 9 हे सूत्र वापरतात. 2 किलोच्या बाळाला 15 सेंटिमीटर. पण सारख्या उंचीच्या दोन माणसांची मान सारखी नसते, सुईही दर वेळी त्याच जागी टोचली जात नाही. नळी जास्त आत गेली तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. बाहेर राहिली तर तीव्र औषधे शिरेच्या भिंतीला इजा करतात. म्हणून छातीच्या एक्स-रेवर श्वासनलिका दुभंगते त्या जागेशी टोक ताडून पाहतात, किंवा ईसीजीतली ‘पी’ लहर टोक पुढे सरकेल तशी उंचावते का, ते बघतात. 1929 मध्ये जर्मनीत वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्याच हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी नेली आणि ते एक्स-रे काढून सिद्धही केले. या विद्येच्या पहिल्या पावलातच पडताळणी होती.

यावर कुणी विचारेल, शेवटी तपासायचेच असेल तर सूत्र हवे कशाला? सूत्राशिवाय शोध कुठून सुरू करायचा हेच कळत नाही. आणि अंदाज व तपासणी यांत तफावत निघाली, तर काहीतरी बिघडल्याचा पहिला इशारा तीच देते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आडगावात, रात्री, रुग्ण अत्यवस्थ असताना एवढी सवड कुठली? जीव वाचवण्यासाठी आधी नळी घालणे योग्यच. पण घाईमुळे पडताळणी लांबली तरी चालेल, रद्द झालेली चालणार नाही. मलकापूरहून कोल्हापूरला हलवलेल्या रुग्णाची नळी वाटेत सरकू शकते. त्वचेपाशी कितवी खूण होती आणि टोक कशाने तपासले, एवढ्या दोन नोंदी कागदावर असल्या, तर पुढच्या डॉक्टरला सरकलेले अंतर लगेच कळते. तिसरा आक्षेप असा, की ‘73 ते 133’ असे सांगितले की लोकांचा विश्वास उडतो. उलट, एकच ठाम आकडा देऊन तो पुढे फसला की विश्वास कायमचा जातो. कक्षा सांगणारा माणूस आपल्याला किती माहीत आहे, हे प्रामाणिकपणे सांगत असतो.

म्हणून तेलसाठ्याचा अहवाल असो वा रुग्णाचा केसपेपर, वाचणाऱ्याने तीन गोष्टी मागाव्यात: आकडा किती, तो कुठल्या गृहीतावर उभा आहे आणि कशाने पडताळला. तिसरे उत्तर कोरे असेल, तर तो आकडा अजून अंदाजच आहे असे समजावे आणि तपासणीचा आग्रह धरावा.