अंत्ययात्रा आणि शहरातली वाहतूक : मुलांना कसं समजावाल?



‘सार्वजनिक रस्ता कोणाचा?’ हा मुद्दा वर्गात निघाला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, “सर, अंत्ययात्रेमुळे ट्रॅफिक जाम होतो. मग सरळ गाडीतूनच का नेत नाहीत?” प्रश्न ऐकायला उद्धट वाटतो. पण मुलाला दटावून गप्प बसवू नका. या एका प्रश्नात नागरिकशास्त्र आहे, गणित आहे आणि माणुसकीही आहे.

पायीच का जायचं?

आपल्याकडे तिरडीला खांदा देणं हे शेवटचं कर्तव्य मानतात. पुढे मडकं धरलेला मुलगा, वाटेत विसाव्याला तिरडी टेकवणं, खांदेकरी बदलणं, वारकऱ्याच्या घरी टाळ-मृदंगाचा गजर हे सगळं आपण पाहिलेलं आहे. खांदा द्यायला नातं लागत नाही. वर्षानुवर्षं अबोला धरलेला शेजारीही त्या दिवशी पुढे होतो. मुस्लिम समाजात जनाजा खांद्यावरून नेतात. पारशी लोक दोघादोघांच्या जोडीने, मधे पांढरा रुमाल धरून चालतात. धर्म कोणताही असो, गेलेल्या माणसाबरोबर चार पावलं चालावं ही भावना एकच आहे.

मग अडचण कुठून आली?

पूर्वी स्मशान गावाबाहेर, बहुधा नदीकाठी असे. शहर वाढलं आणि स्मशान मध्यात आलं. मुंबईची मरीन लाइन्सजवळची चंदनवाडी किंवा पुण्यातलं नवी पेठेतलं वैकुंठ आठवून बघा. आजूबाजूला दुकानं, शाळा, बसचे मार्ग. शिवाय माणूस राहतो उपनगरात, मृत्यू होतो दूरच्या रुग्णालयात. दहा किलोमीटर खांद्यावरून नेणं शक्य नाही, म्हणून शववाहिका आली. आणि ते योग्यच झालं.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश निघतात. मुंबई पोलिसांच्या अशा आदेशांत लग्नसमारंभांबरोबर अंत्यविधीचा जमाव आणि स्मशानाकडे जाणारी अंत्ययात्रा यांना सहसा सूट दिलेली असते. म्हणजे तणावाच्या दिवसांतही अंत्ययात्रेचा मान राखला जातो. पण सूट मिळाली म्हणजे रस्ता आपल्या मालकीचा झाला असं नाही, हेही मुलांना सांगा.

आता थोडं गणित

फळ्यावर हे उदाहरण मांडा. १०० माणसं चौघांच्या ओळीत चालली तर २५ ओळी होतात. दोन ओळींत दीड मीटर अंतर धरलं तर लांबी साधारण ३६ मीटर. ताशी ४ किलोमीटर वेगाने माणूस मिनिटाला सुमारे ६७ मीटर चालतो. २० मीटर रुंदीचा चौक ओलांडायला या सगळ्यांना ५६ मीटर चालावं लागेल, म्हणजे साधारण ५० सेकंद. एका सिग्नलइतका वेळ!

आता हीच १०० माणसं २५ मोटारींतून निघाली तर? एका मोटारीला पुढच्या अंतरासह ६ मीटर धरले तरी १५० मीटरची रांग. मुलं स्वतःच म्हणतील, “सर, पायी चालणाऱ्यांनी तर कमी जागा घेतली!” मात्र दुसरी बाजूही दाखवा. हेच लोक रस्ताभर पसरून एक किलोमीटर चालले, तर मागच्यांना पाव तास हलता येत नाही. त्या रांगेत रुग्णवाहिका असेल तर? पुढे एक जीव गेलेला आहे, मागे एक जीव वाचवायचा आहे. त्याला वाट देणं हे अंत्ययात्रेतल्या लोकांचंही कर्तव्य आहे.

मग उत्तर काय?

माझ्या मते अंत्ययात्रेला शहरात जागा हवीच, पण तिला शिस्तही हवी.

१. लांबचं अंतर शववाहिकेने, शेवटचा छोटा टप्पा पायी. खांदा देण्याची इच्छाही पूर्ण होते.
२. रस्त्याच्या एकाच बाजूने, चौघांच्या ओळीत चालावं.
३. सोबतच्या दुचाकी-मोटारी वेगळ्या, आधीच पुढे पाठवाव्यात. खरी कोंडी त्यांच्यामुळे होते.
४. पुढे आणि मागे एकेक जबाबदार माणूस हवा, रात्री हातात बॅटरी हवी.
५. फटाके आणि वाटेत रेंगाळणं टाळावं. विसावा चौकात नको, कडेला घ्यावा.

आणि आपण वाहनचालकांनी? हॉर्न वाजवू नये, रांगेतून गाडी घुसवू नये, मोबाइलवर चित्रीकरण करू नये. आपली मुलं मागच्या सीटवरून आपल्याकडे बघत असतात. तिरडी दिसल्यावर आई-बाबा गाडी हळू करतात की चिडून हॉर्न दाबतात, यावरूनच ती शिकतात. पाठ्यपुस्तकातला धडा नंतर येतो.

बरेच पालक अशा वेळी मुलांचे डोळे झाकतात. तसं करू नका. “कोणाचे तरी आजोबा गेले, त्यांना पोचवायला लोक चाललेत,” इतकं सांगितलं तरी पुरे. मृत्यू शब्दांत समजावणं अवघड असतं, पण चालणाऱ्या माणसांकडे पाहून मुलाला एवढं नक्की कळतं की दुःखाच्या वेळी माणूस एकटा नसतो.

उपक्रम : आपल्या भागातल्या स्मशानभूमीकडे किंवा दफनभूमीकडे जाणाऱ्या रस्त्याचा नकाशा मुलांकडून काढून घ्या. चौक, सिग्नल, शाळा आणि रुग्णालय त्यावर दाखवा. अंत्ययात्रा आणि रुग्णवाहिका एकाच वेळी आली तर कोणी कुठे थांबावं, हे मुलांनाच ठरवू द्या.