जनावरांच्या डोळ्यांचे रोग : ओळख व वेळीच करावयाचे उपाय

खुराची जखम किंवा लंगडणे शेतकऱ्याच्या चटकन लक्षात येते, कारण जनावराचे काम अडते. डोळ्यातून पाणी गळू लागले तर मात्र "धूळ गेली असेल, आपोआप राहील" असे म्हणून चार-आठ दिवस सहज निघून जातात. डोळ्याच्या बाबतीत हेच दिवस सर्वांत मोलाचे असतात. बुबुळावर कायमचे फूल पडलेला बैल औताला बुजतो, अंधूक दिसणारी गाय चरताना मागे पडते, आणि बाजारात अशा जनावराची किंमत उतरते. म्हणून डोळ्यांच्या रोगांची ओळख प्रत्येक गोठ्यात असणे अगत्याचे आहे.

प्रथम तीन गोष्टी पाहाव्यात

जनावर सावलीत बांधून, डोके एका बाजूस धरून, डोळा उजेडात नीट पाहावा.

१. एकच डोळा बिघडला आहे की दोन्ही? एकाच जनावराचा एकच डोळा अचानक गळू लागला, तर बहुधा गवताचे कुसळ, भुसा किंवा काट्याचा ओरखडा हे कारण असते.

२. कळपातील एकच जनावर आजारी आहे की अनेक? पाठोपाठ दोन-चार वासरांचे डोळे गळू लागले, तर तो साथीचा रोग समजावा.

३. ताप, नाकातून स्राव, तोंडात किंवा खुरांत फोड, अंगावर गाठी यांपैकी काही आहे काय? असल्यास डोळा हे केवळ एक लक्षण असून मूळ रोग दुसराच असतो. २०२२ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पसरलेल्या लम्पी चर्मरोगातही कित्येक जनावरांच्या डोळ्यांतून पाणी येत असे. अशा वेळी डोळा धूत न बसता पशुवैद्यकास त्वरित कळवावे.

साथीने डोळे येणे

हा रोग मोराक्सेला बोव्हिस नावाच्या जिवाणूमुळे होतो. मोठ्या जनावरांपेक्षा वासरांना तो अधिक होतो. आजारी डोळ्यातील पाण्यावर बसलेली माशी निरोगी डोळ्यावर जाऊन बसते व जिवाणू तेथे पोचवते. कडक ऊन, धूळ आणि उंच गवताची टोके यांनी बुबुळाला इजा झालेली असल्यास जिवाणूंचे काम सोपे होते.

आरंभी डोळ्यातून पाणी गळते, जनावर डोळा मिटून घेते व उजेड टाळते. एक-दोन दिवसांत बुबुळाच्या मध्यभागी लहानसा पांढुरका ठिपका दिसतो आणि पुढे तेथे व्रण होऊन बुबुळ निळसर-पांढरे पडते. त्यानंतर कडेकडून लाल रक्तवाहिन्या मध्याकडे सरकू लागतात. ही लाली पाहून पुष्कळजण घाबरतात. वस्तुतः जखम भरून येण्याचीच ती खूण असते. मात्र व्रण खोल गेला तर बुबुळ फुटून डोळा कायमचा जातो.

तंबाखू आणि मिठाविषयी

डोळ्यात तंबाखूची पिंक टाकणे, मिठाची पूड फुंकणे, चुना किंवा काचेची पूड घालणे असे उपाय काही ठिकाणी अजूनही केले जातात. "आमच्या बैलाला याच उपायाने गुण आला" असा अनुभवही सांगितला जातो. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. साथीने आलेले पुष्कळसे डोळे उपाय न करताही काही आठवड्यांत बरे होतात. श्रेय मात्र तंबाखूला मिळते. ज्या डोळ्यात व्रण असतो, तेथे हीच पूड जखम खोल करते, आणि डोळा गेला की दोष नशिबाला दिला जातो.

घरात उरलेले माणसांचे थेंबही वापरू नयेत. त्यांपैकी काहींत स्टेरॉइड असते व बुबुळावर व्रण असताना त्याने जखम चिघळते.

पहिल्या दिवशी काय करावे

एक लिटर पाणी उकळून त्यात सपाट दीड चमचा, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम, मीठ विरघळवावे व पाणी निवू द्यावे. स्वच्छ कापसाने आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या बाजूस डोळा धुवावा. प्रत्येक डोळ्यास नवा कापूस घ्यावा, वापरलेला जाळून टाकावा व हात साबणाने धुवावेत. वर आलेले कुसळ पाण्याच्या धारेने निघाल्यास काढावे. रुतलेले असल्यास ओढू नये. जनावरास सावलीत, इतरांपासून वेगळे बांधावे व त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. फिरत्या पथकासाठी १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. प्रतिजैविक औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे, आणि दुभत्या जनावराचे दूध किती दिवस वापरू नये हे त्यांस विचारून घ्यावे.

डोळ्यातील जंत व आहारातील उणीव

कधी डोळ्याच्या पृष्ठभागावर किंवा तिसऱ्या पापणीखाली दोऱ्यासारखे पांढरे, एक-दोन सेंटिमीटर लांबीचे जंत वळवळताना दिसतात. हेही माश्यांमार्फतच पसरतात. ते चिमट्याने स्वतः काढू नयेत; पशुवैद्यक डोळा बधिर करून ते काढतात व जंतनाशक देतात. कोपऱ्यात मांस वाढल्यास तेही गावठी हाताने कापू देऊ नये. ती गाठ कर्करोगाची असू शकते.

टंचाईच्या काळात महिनोन्महिने केवळ जुना कडबा खाणाऱ्या जनावरांना जीवनसत्त्व 'अ' कमी पडते. तिन्हीसांजेला ती ठेचकाळू लागतात. गाभण गाईचे वासरू आंधळेही जन्मू शकते. रोज थोडा तरी हिरवा चारा, लसूणघास किंवा हिरवा मका, मिळाल्यास हे टळते.

प्रतिबंध

माशी आटोक्यात ठेवणे हाच मुख्य उपाय होय. शेण रोज उचलावे, मूत्र साचू देऊ नये, उकिरडा गोठ्यापासून दूर ठेवून मातीने झाकावा. बैलाच्या कपाळावर दोऱ्यांची झालर बांधण्याची जुनी रीत माश्या हाकलण्यास उपयोगी आहे. ती वासरांनाही लावावी. बरे झालेले जनावरही काही काळ जिवाणू बाळगते, हे ध्यानात ठेवून नवे जनावर आणल्यावर काही दिवस वेगळे बांधावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्याच्या तोंडी वस्तीवस्तीवर जाऊन ही माहिती द्यावी, मिठाचे पाणी करून दाखवावे आणि एकाच वस्तीत दोनांहून अधिक जनावरांचे डोळे गळताना आढळल्यास दवाखान्यास त्याच दिवशी कळवावे. या कामाला खर्च जवळजवळ नाही. वेळेवर पाहिलेला डोळा बहुधा वाचतो. गेलेला डोळा मात्र कोणत्याही औषधाने परत येत नाही.