संगणकातली नोंद आणि तोडीची चिठ्ठी

मागील हंगामात एक सभासद शेतकी ऑफिसात आले आणि खुर्चीवर न बसताच म्हणाले, "साहेब, शेजारच्या पूर्वहंगामीला तोड आली. माझ्या आडसालीला तुरा आला तरी चिठ्ठी नाही. नोंद केली का नुसती सही घेतली?"

नोंद केली होती. लागण तारीख, जात, क्षेत्र, सगळे संगणकात बिनचूक होते. पण तोडणी कार्यक्रमाच्या पडद्यावर त्यांच्या गावाखाली तो प्लॉट दिसतच नव्हता.

संगणकात नोंदी सपाट असतात, वहीत एकाखाली एक ओळी लिहाव्यात तशा. गट ही एक ओळ, गाव एक ओळ, सभासद एक, प्लॉट एक. प्रत्येक ओळीला स्वतःचा नंबर आणि शेजारी 'वरचा नंबर', म्हणजे ती कोणाच्या पोटात मोडते तो. प्लॉटच्या ओळीत सभासदाचा, सभासदाच्या ओळीत गावाचा, गावाच्या ओळीत गटाचा. गटाच्या वर कोणी नाही, म्हणून तिथे रिकामे. तक्त्यांची ही रीत एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. आजही बहुतेक कचेऱ्या तीवरच चालतात.

पडद्यावर आपल्याला ओळी नको असतात. गट उघडला की गावे, गाव उघडले की सभासद, मग त्याचे प्लॉट, असे फांद्यांचे झाड लागते. ते झाड प्रोग्रॅम त्या ओळींतूनच उभे करतो.

एक रीत अशी की, प्रत्येक ओळीची पोरे शोधायला सगळी वही पुन्हा चाळायची. १०,००० ओळी असतील तर १० कोटी वेळा बघणे आले. आमचा जुना पडदा उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा, तो यामुळेच. दुसरी रीत दोन फेऱ्यांची. पहिल्या फेरीत प्रत्येक ओळीचे कार्ड करून तिच्या नंबराच्या खणात ठेवायचे. दुसऱ्या फेरीत कार्डावरचा वरचा नंबर वाचून थेट त्या खणात जायचे आणि कार्ड तिथे अडकवायचे. २०,००० वेळा हात लावला की झाड उभे. प्लॉट आधी आला नि गाव मागून, तरी बिघडत नाही, कारण खण आधीच भरलेले.

पण वरच्या नंबराचा खणच नसेल तर? इथे तेच झाले. वडिलांच्या पश्चात भावाभावांत वाटणी झाली, वडिलांचे खाते बंद करून मुलांची नवीन उघडली. प्लॉटच्या ओळीत मात्र वडिलांचाच नंबर राहिला. बंद खाती प्रोग्रॅम घेत नव्हता. कार्डाला जागा मिळेना, आणि त्याने ते गुपचूप बाजूला टाकले. संगणकाची चूक म्हणून हात झटकता येतील, पण खाते बंद करताना त्याखालचे प्लॉट बघितले नाहीत ते आम्हीच.

याआधी एका गावाचा वरचा नंबर चुकून त्याच गावच्या सभासदाचा पडला होता. गाव सभासदाखाली, सभासद गावाखाली! दोघे एकमेकांना धरून मुळापासून तुटले आणि अख्खे गाव पडद्यावरून गेले. ते तासाभरात ध्यानात आले. एक प्लॉट गेलेला कोणाला दिसतो?

आता जागा न मिळालेली कार्डे 'वाली नसलेल्या नोंदी' म्हणून सर्वांत वर वेगळ्या फांदीवर येतात, आणि वहीत ओळी किती नि झाडावर किती, हे रोज सकाळी ताडून बघतो.

त्या सभासदांचा ऊस गेला, पण वजनात घट सोसून. ती भरून देता आली नाही.

ज्यांच्या घरी वाटणी किंवा वारसनोंद झाली असेल, त्यांनी नवीन सातबारा आणि आठ-अ घेऊन गट ऑफिसात यावे, आणि आपला प्रत्येक प्लॉट कोणाच्या नावाखाली लागला आहे ते पडद्यावर स्वतः बघूनच घरी जावे.