शतपावली आणि रक्तांतील साखर

रात्रीच्या जेवणानंतर अंगणांत किंवा गच्चीवर शतपावली घालण्याची चाल महाराष्ट्रांतील घरांत फार जुनी आहे. अन्न नीट जिरावें एवढाच तिचा हेतु समजला जातो. मधुमेही माणसाच्या बाबतींत मात्र या फेऱ्यांचा संबंध पोटापेक्षां रक्ताशीं अधिक येतो. तो संबंध नीट उमगला म्हणजे केव्हां चालावें, किती चालावें आणि केव्हां मुळींच चालूं नये, हे प्रश्न पुष्कळसे सुटतात.

व्यायाम हा या रोगावरील नवा उपाय नव्हे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत निर्धन प्रमेही रोग्यास असें सांगितलें आहे कीं, त्यानें जोडा व छत्री टाकून, भिक्षान्नावर निर्वाह करून, एका गांवीं एकच रात्र काढीत शंभर योजनें किंवा त्याहूनही अधिक चालत जावें. चालण्यानें नेमकें काय घडतें, याचा उलगडा होण्यास मात्र विसावें शतक उजाडावें लागलें. टोरोंटो येथें १९२१ सालीं बँटिंग व बेस्ट यांनीं इन्सुलिनचा शोध लावला. लंडनचे डॉक्टर आर. डी. लॉरेन्स हे स्वतःच मधुमेही होते व १९२३ सालीं या औषधामुळेंच मरणाच्या दारांतून परत आले. त्यांनीं १९२६ सालीं दाखवून दिलें कीं, इन्सुलिन टोंचून घेतल्यावर श्रम केले तर तेवढ्याच इन्सुलिननें साखर अधिक उतरते. स्वस्थ बसलेल्या माणसास बेताची असलेली मात्रा श्रम करणाऱ्यास जास्त होऊं शकते, ही गोष्ट तेव्हांपासून वैद्यांच्या पक्की ध्यानांत आली.

याचें कारण स्नायूंत आहे. अन्नांतून रक्तांत आलेली साखर स्नायूंच्या पेशींत शिरावयाची तर तिला दार उघडून मिळावें लागतें. स्नायु विसाव्यांत असतांना तें दार मुख्यतः इन्सुलिनच्या हांकेवर उघडतें. आणि प्रौढपणीं जडणाऱ्या मधुमेहांत ही हांक स्नायूंना नीटशी ऐकूंच येत नाहीं. परंतु माणूस चालूं लागला कीं स्नायूंच्या आकुंचनानेंच पेशींतील साखरेचे वाहक पृष्ठभागावर येतात आणि इन्सुलिनची वाट न पाहतां साखर आंत घेतात. बिघडलेल्या पुढच्या दारास शिव्या देत न बसतां मागच्या दारानें घरांत शिरावें, तसाच हा प्रकार आहे. शिवाय श्रमांत स्नायूंतील सांठा खर्ची पडतो. तो भरून काढण्यासाठीं ते पुढेंही कांहीं काळ रक्तांतून साखर ओढीत राहतात व इन्सुलिनलाही अधिक दाद देतात. हा गुण एक-दोन दिवस टिकतो, नंतर ओसरतो. म्हणून रविवारीं आठ मैल चालून आठवड्याचा हिशेब भागत नाहीं. आठवड्यास निदान दीडशें मिनिटें झपाझप चालावें आणि लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खाडा पडूं देऊं नये, असा सल्ला डॉक्टर देतात तो याचसाठीं.

आतां वेळेचा प्रश्न. पुष्कळ गृहस्थ पहांटे फिरून येतात आणि दिवसाचें कर्तव्य संपलें असें मानून दुपारीं वामकुक्षी व रात्रीं आरामखुर्ची जवळ करतात. पहांटेचें फिरणें चांगलेंच. पण साखर चढते ती जेवणानंतरच्या एक-दोन तासांत. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठांत ४१ मधुमेही रोग्यांवर केलेला एक प्रयोग २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. दिवसांतून केव्हांही सलग तीस मिनिटें चालण्यापेक्षां प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटें चालल्यास जेवणानंतरची साखरेची चढण शेंकडा १२ नें कमी भरली. रात्रीच्या जेवणानंतर तर ती शेंकडा २२ नें घटली. म्हणजे शतपावलीनें वेळ अचूक साधली होती, माप मात्र अपुरें पडत होतें. शंभर पावलें जेमतेम एका मिनिटांत संपतात. दहा मिनिटांचीं हजार होतात.

फार जोराचा व्यायाम केल्यावर साखर उतरण्याऐवजीं थोडा वेळ चढलेली दिसते. अशा वेळीं ॲड्रेनलीनच्या हुकमानें यकृत आपला सांठा रक्तांत सोडीत असतें. त्यांत घाबरण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु ज्याच्या शरीरांत इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाहीं, त्याची साखर डेसिलिटरला २५० मिलिग्रॅमच्या वर असून लघवींत कीटोन सांपडत असतील, तर त्या दिवशीं व्यायाम वर्ज्य समजावा. त्यानें विकार बळावतो.

उलट धोका साखर फाजील उतरण्याचा. नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यास हें भय फार थोडें. परंतु जे इन्सुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात त्यांनीं सावध असावें. मांडींत इन्सुलिन टोंचून लगेच चालावयास निघाल्यास तें लवकर शोषलें जातें. सायंकाळीं केलेल्या श्रमांचा परिणाम कधीं कधीं मध्यरात्रीं, झोपेंत दिसतो. दरदरून घाम, हातांना कंप, छातींत धडधड, आणि अकारण चिडखोरपणा हीं लक्षणें होत. शेवटलें लक्षण घरच्यांनीं विशेष ओळखावें. एरवीं शांत असलेला माणूस फिरून आल्यावर एकाएकीं भांडूं लागला, तर त्याच्याशीं वाद न घालतां तीन चमचे साखर पाण्यांत विरघळवून त्यास पाजावी, आणि पंधरा मिनिटांनीं रक्त पुन्हां तपासावें. मात्र त्याची शुद्ध हरपली असल्यास तोंडांत कांहीं घालूं नये. तांतडीनें डॉक्टरची मदत मिळवावी. पेढा किंवा चॉकलेट यांतील स्निग्धांशामुळें साखर रक्तांत उशिरां पोंचते, म्हणून फिरावयास जातांना खिशांत साधी साखर किंवा ग्लुकोजची पुडीच असावी.

राहिला जोडा. या एका बाबतींत आजचें वैद्यक सुश्रुताच्या अगदीं उलट बोलतें. पुष्कळ वर्षांच्या मधुमेहांत तळपायांची संवेदना मंदावते. तापलेल्या गच्चीवर किंवा देवळाच्या फरशीवर अनवाणी फेऱ्या घालणाऱ्यास फोड आल्याचें कळतही नाहीं, आणि त्या फोडाची जखम महिनोन् महिने भरत नाहीं. म्हणून फेऱ्या घरांतल्या घरांत घालावयाच्या असल्या तरी पायांत सपाता असाव्यात. बाहेर जातांना जोड्यांत आधीं हात फिरवून खडा किंवा खिळा नाहीं ना हें पाहावें, आणि रात्रीं निजण्यापूर्वीं तळवे आरशांत पाहावेत. दृष्टि अधू असल्यास घरांतील कोणाकडून तरी पाहवून घ्यावेत.