तडजोडीनंतरचे पहिले हप्ते

जकात कोणाला द्यायची, हे कुरआनने देणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. सूरह तौबाच्या 60व्या आयतीत आठ प्रकारचे हक्कदार मोजून सांगितले आहेत. फकीर आणि मिस्कीन, म्हणजे गरीब आणि लाचार, हे पहिले दोन सगळ्यांच्या लक्षात राहतात. सहाव्याकडे मात्र क्वचित कोणाचे लक्ष जाते. तो आहे ‘गारिम’, कर्जात अडकलेला माणूस. तो हात पसरत नाही, म्हणून दिसत नाही. त्याचे दुकान उघडे असते, अंगावर इस्त्रीचा शर्ट असतो, इफ्तारच्या दस्तरखानावर तो चार माणसांना बोलावतोही. कर्ज किती आहे, हे फक्त त्याला आणि बँकेला ठाऊक असते. कधीकधी बायकोलाही नसते.

गेली दोन-तीन वर्षे रमजान मार्चअखेरीच्या आसपास येत आहे. हिंगोली जिल्ह्यात हे दिवस हळदीचे. वसमत, कळमनुरीकडे हळद काढणे, शिजवणे, वाळवणे चाललेले असते आणि हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात काटे लागतात. बँकांचे हे दिवस वसुलीचे. वर्षातली पहिली राष्ट्रीय लोकअदालतही बहुधा याच सुमारास भरते. थकलेल्या कर्जाची नोटीस हातात घेऊन माणसे कोर्टाच्या आवारात येतात, बँकेचा माणूस समोर बसतो, व्याजात काही सूट ठरते, उरलेली रक्कम किती हप्त्यांत भरायची ते लिहिले जाते, दोघांच्या सह्या होतात. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागते. खरी परीक्षा पुढच्या महिन्यापासून सुरू होते.

अशीच एक तडजोड पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या मशिदीत झाली होती. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ती नोंदलेली आहे. कअब बिन मालिक यांचे इब्न अबी हदरद यांच्याकडे येणे होते. मशिदीतच तगादा सुरू झाला, आवाज चढले. पैगंबरांनी आपल्या खोलीचा पडदा बाजूला करून कअब यांना हाक मारली आणि हाताने खूण केली : निम्मे सोड. कअब लगेच कबूल झाले. मग पैगंबर कर्जदाराकडे वळले आणि त्याला म्हणाले, ऊठ आणि आता हे फेड.

या प्रसंगातली उदारता बयानात नेहमी सांगितली जाते. शेवटचा हुकूम तेवढ्या जोरात सांगितला जात नाही. निम्मे माफ झाले, पण उरलेले निम्मे त्याच माणसाला उठून आणायचे होते. ते त्याने कोठून आणले, हे हदीसमध्ये नाही. लोकअदालतीतून बाहेर पडलेला माणूस नेमका त्या जागी उभा असतो.

पहिल्यांदा कागद. 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचा दर्जा दिला आहे आणि त्यावर अपील नाही. हप्ता चुकला तर सूट रद्द होऊन मूळ रक्कम पुन्हा उभी राहील, अशी अट तडजोडीत बहुधा असतेच. ती वाचल्याशिवाय सही करू नये. सूरह बकराची 282वी आयत ही कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे आणि तिचा विषय नमाज नाही, रोजा नाही. उधारीचा लेखी करार आहे. त्यात एक बारकावा आहे. मजकूर सांगायचा तो कर्ज देणाऱ्याने नव्हे, घेणाऱ्याने; लिहिणारा तो ऐकून लिहील. म्हणजे ज्याच्या डोक्यावर ओझे, त्याला शब्दन्‌शब्द माहीत असला पाहिजे. आज छापील फॉर्मवर साहेब बोट ठेवतात तिथे अंगठा उमटतो, ही गोष्ट त्या आयतीच्या अगदी उलटी आहे. हप्त्याची तारीख कोणती, हेही तिथेच बोलून घ्यावे. ज्याचा पैसा हळद विकल्यावर येतो, त्याने पाच मार्चचा हप्ता मान्य करणे म्हणजे पहिल्याच पायरीवर ठेच.

नंतर फोन. सही झाली म्हणून फोन थांबत नाहीत. वसुली एजंटाकडची यादी जुनी असते, किंवा पहिला हप्ता जमा होईपर्यंत तो धीर धरत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एजंटाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांसमोर बेइज्जती यांना तर मुळीच परवानगी नाही. हिंगोलीत मार्चमध्ये रोजा साडेसहाच्या सुमारास सुटतो. त्यामुळे खजूर हातात असताना आलेला फोन नियमात बसतो, माणुसकीत बसतो की नाही हे वेगळे. अशा वेळी तडजोडीच्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये असावा आणि तोच पाठवावा. त्रास थांबला नाही तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, आणि तिथे महिनाभरात दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे. त्यासाठी 14448 हा क्रमांक आहे.

पण फोन न उचलण्याची सवय लागलेली असते, ती जाता जात नाही. पैगंबर नमाजमध्ये गुनाहपासून आणि कर्जापासून पनाह मागत. कर्जापासून इतकी पनाह का, असे कोणी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की कर्जात पडलेला माणूस बोलतो तेव्हा खोटे बोलतो आणि वचन देतो तेव्हा मोडतो. गरिबीची गोष्ट त्यांनी काढलीच नाही, जिभेची काढली. ‘अब्बा घरी नाहीत’ हे मुलाला सांगायला लावणारा बाप रोज्याने असतो, हे त्याला कळत असते. तडजोड झाल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत पैशाइतकेच हे सावरावे लागते : फोन उचलणे, आहे तेवढेच सांगणे, घरच्यांसमोर कागद ठेवणे. बायकोला हप्ता माहीत असला की घरखर्चाचा मेळ दोन डोक्यांनी बसतो. माहीत नसला की तीच बिचारी मुलांच्या ईदच्या कपड्यांसाठी बचत गटातून उचल घेते, आणि एका हप्त्याला दुसरा जोडला जातो.

ईद हीच या दिवसांतली मोठी घसरण आहे. दिवाळीत हेच होते, हे सांगायला नको. शेरखुर्म्याचा सुकामेवा, कपडे, ईदी, बहिणीच्या सासरी पाठवायचा डबा; ‘लोक काय म्हणतील’ हा खर्च कोणत्याही वहीत लिहिला जात नाही, पण हप्ता खातो तो तोच. आणि तडजोड एकाच बँकेशी झालेली असते. किराणा दुकानदार, कापडवाला, मेव्हणा यांची उधारी त्या कागदात नसते. बँकेचे मिटले असे कानावर गेले की तेही येतात, आणि त्यांचे येणे चूक नाही. प्रत्येकाला थोडे थोडे देऊन हप्ता चुकवण्यापेक्षा, हप्ता आधी आणि तुमचे अमुक महिन्यात, असे तोंडावर सांगितलेले बरे. ऐकताना माणूस कुरकुरतो, पण तारीख मिळाली की थांबतो.

त्याच्यासाठीही हुकूम आहेच. सूरह बकराच्या 280व्या आयतीत देणेकरी तंगीत असेल तर हात मोकळा होईपर्यंत मुदत द्यायला सांगितले आहे, आणि सोडूनच दिले तर ते त्याहून चांगले म्हटले आहे. संत तुकारामांनी वाट्याला आलेली कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे महाराष्ट्रात घरोघरी सांगतात. एवढे मोठे मन सर्वांना जमत नाही. दोन महिन्यांची मुदत जमते.

मुस्लिम यांच्या संग्रहात आणखी एक प्रसंग आहे. एका माणसाने फळे खरेदी केली, त्यात नुकसान आले आणि कर्ज फार झाले. पैगंबरांनी लोकांना त्याला सदका द्यायला सांगितले. लोकांनी दिला, तरी कर्जाएवढी रक्कम झाली नाही. तेव्हा ते सावकारांना म्हणाले की जे मिळते आहे ते घ्या, याहून जास्त तुम्हाला नाही. पिकाने दगा दिला की काय होते, हे हिंगोलीला शिकवावे लागत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी आपले अवयव विकायला काढले होते, ही बातमी देशभर गेली. मदिनेतल्या त्या हिशेबात तिघांचा वाटा होता : कर्जदाराकडे होते ते, गावाने दिले ते आणि सावकाराने सोडले ते. आजच्या तडजोडीत बहुतेक वेळा पहिला आणि तिसराच असतो.

मधला वाटा म्हणजे जकात. ज्याच्याकडे गरजा आणि कर्ज वजा जाता साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकेही उरत नाही, अशा कर्जदाराला ती देता येते. त्याच्या संमतीने थेट बँकेच्या खात्यातही भरता येते. हिशेब अडला तर आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे. मोहल्ल्यात रेशनचे किट वाटले जातात, ते चांगलेच आहे. पण पाच माणसांनी मिळून एका गारिमचे पहिले तीन हप्ते उचलले, तर पुढचे भरण्याइतका श्वास त्याला मिळतो. देताना ही जकात आहे असे सांगण्याचीही अट नाही, देणाऱ्याची नियत पुरते. पाकीट ईदच्या आदल्या रात्री न देता हप्त्याच्या तारखेच्या आधी पोहोचावे, एवढे पाहिले की झाले.