चार हजार डॉलरांचे चित्र

माहितीचे मोल : लेखांक ५

मागच्या लेखांकात पॉल सॅम्युएलसन यांची १९५४ सालची मांडणी पाहिली. एकाने वापरल्यामुळे दुसऱ्यासाठी जी कमी होत नाही, ती सार्वजनिक वस्तू. भाकरी एकाने खाल्ली की संपली. पावसाच्या नोंदींचा तक्ता हजार जणांनी वाचला तरी जागच्या जागी राहतो. इथवर कुणाचे फारसे दुमत नसते. वाद पेटतो तो पुढच्या प्रश्नावर. असा तक्ता तयार करायला पैसा लागतो, मग तो वापरणाऱ्याकडूनच का वसूल करू नये? करदात्याने का भरावा? नुसत्या तर्काने याचा निकाल लावता येत नाही असे मला वाटते. दोन्ही बाजूंना चांगले वकील मिळतात. पण एका देशाने हे दोन्ही प्रकार एकाच मालावर, एकामागून एक, करून पाहिले आहेत. आज त्याचीच हकिगत.

२३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने जमिनीची टेहळणी करणारा आपला पहिला नागरी उपग्रह सोडला. त्याचे नाव पुढे लँडसॅट-१ झाले. (त्याच पावसाळ्यात महाराष्ट्र कोरड्या आभाळाकडे बघत होता, हा निव्वळ योगायोग.) या उपग्रहावर मान होता तो दूरदर्शनच्या धर्तीच्या कॅमेऱ्यांना. व्हर्जिनिया नॉरवूड या अभियंता बाईंनी घडवलेला स्कॅनर केवळ प्रयोग म्हणून सोबत पाठवला होता. दोन आठवड्यांत कॅमेरे बिघडले आणि सगळा भार स्कॅनरवर आला. त्याने तो असा पेलला की पुढच्या पन्नास वर्षांच्या लँडसॅट मालिकेची घडण त्याच्याच वळणावर गेली. डोळ्यांना दिसणाऱ्या रंगांबरोबर तो अवरक्त प्रकाशही टिपत असे. हिरवे, निरोगी पान हा प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते, पाणी तो जवळजवळ गिळून टाकते. त्यामुळे पीक कुठे उभे आहे, कुठे करपले आहे, तळे कुठवर भरले आहे, हे आकड्यांत मोजता येऊ लागले. एक चित्र म्हणजे साधारण १८५ किलोमीटर लांब-रुंद भूभाग. पुढच्या उपग्रहांत त्यातला एकेक ठिपका ३० मीटरचा झाला आणि दर सोळा दिवसांनी उपग्रह त्याच जागेवर परत येऊ लागला.

१९८४ साली, रेगन यांच्या कारकिर्दीत, हा उद्योग खासगी हाती देण्याचा कायदा झाला. दुसऱ्याच वर्षी चित्रे विकण्याचे काम इओसॅट या कंपनीकडे गेले. काही शे डॉलरांना मिळणारे चित्र हळूहळू चार हजार डॉलरांच्या वर गेले. शिवाय अट अशी की विकत घेतलेले चित्र दुसऱ्याला द्यायचे नाही. महाराष्ट्रासारखे राज्य एकदा पूर्ण झाकायचे तर अशी डझनभर चित्रे तरी लागतात, आणि तीही फक्त एका हंगामाची. दोन हंगामांची तुलना करायची तर खर्च दुप्पट. तेलकंपन्यांना हे परवडले. विद्यापीठांनी हात आखडता घेतला, संशोधक एका चित्रावर प्रबंध पुरा करू लागले.

किंमत वाढली, गिऱ्हाईक घटले, ही गोष्ट कोणत्याही बाजारात घडते; ती मला फारशी गंभीर वाटत नाही. गंभीर आहे ती पुढची. जिथल्या चित्राला मागणी नाही तिथे उपग्रहाचे यंत्र चालूच करायचे नाही, असा हिशेब कंपनीने ठेवला. कंपनी म्हणून तो बरोबरच होता. परिणामी जगातल्या कित्येक प्रदेशांची त्या काळातली चित्रे कधी घेतलीच गेली नाहीत. आज कुणी कितीही पैसे ओतले तरी १९८७ च्या एखाद्या उन्हाळ्यात आफ्रिकेतल्या अमुक जंगलाची कड कुठे होती, हे उपग्रह आता सांगू शकत नाही. सिमेंट किंवा साखर आज बनवली नाही तर उद्या बनवता येते. नोंदीचे तसे नाही, आणि आज तिची मागणी करणारा गिऱ्हाईक १९८७ मध्ये कदाचित शाळेत होता. बाजारभावात न जन्मलेल्या गिऱ्हाइकाला बोली लावता येत नाही.

१९८९ मध्ये तर सरकारकडे पैसे उरले नाहीत म्हणून दोन्ही चालू उपग्रह बंद करा असा हुकूम निघाला होता; ऐनवेळी निधी मिळाला म्हणून ते वाचले. त्यांतला लँडसॅट-५ तीन वर्षांच्या बोलीवर वर गेला होता आणि १९८४ पासून २०१३ पर्यंत चालला. १९९२ च्या नव्या कायद्याने मालकी सरकारकडे परत आली आणि १९९९ च्या लँडसॅट-७ चे चित्र ६०० डॉलरांना मिळू लागले. तरीही विक्रीचा उच्चांक झाला तो २००१ साली, वर्षाला सुमारे २५ हजार चित्रांचा. गुणाकार करा: फार तर दीड कोटी डॉलर. पुढचा उपग्रह लँडसॅट-८ उभा करायला साडेपंच्याऐंशी कोटी डॉलर लागले. म्हणजे ज्या वसुलीसाठी सारा अट्टहास, तिच्यातून उपग्रहाचा एक पंखसुद्धा सुटला नसता.

२००३ मध्ये लँडसॅट-७ च्या यंत्रात बिघाड होऊन प्रत्येक चित्रात काळ्या पट्ट्या येऊ लागल्या, सुमारे एक-पंचमांश भाग गायब. असा माल कोण घेणार? दरम्यान इंटरनेटमुळे चित्र पोचवण्याचा खर्च जवळपास शून्यावर आला होता. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागात बार्बरा रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सगळेच फुकट देऊ’ हा आग्रह लावून धरला. २००८ मध्ये निर्णय झाला आणि वर्ष सरता सरता सगळा साठा खुला झाला. उदात्त तत्त्व यामागे होतेच, पण बिघडलेल्या यंत्राचाही यात वाटा आहे, हे विसरू नये.

पुढच्या एका वर्षात दहा लाखांहून जास्त चित्रे उतरवून घेतली गेली. वर्षाला २५ हजार ते दहा लाख.

नुसता आकडा वाढला असता तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. कामाची जातच बदलली. २०१३ मध्ये मेरिलँड विद्यापीठातले मॅथ्यू हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी साऱ्या जगातल्या जंगलांचा बारा वर्षांचा जमाखर्च प्रसिद्ध केला: २००० ते २०१२ या काळात २३ लाख चौरस किलोमीटर जंगल गेले, ८ लाख नव्याने आले. त्यासाठी ६,५४,१७८ लँडसॅट चित्रे वापरली होती. जुन्या ६०० च्या दराने त्यांचे बिल ३९ कोटी डॉलरांच्या वर गेले असते. एवढा पैसा मागणारा अर्ज कुणी केला नसता, कुणी मंजूर केला नसता, आणि अशी पाहणी शक्य होती हेही कुणाला कळले नसते. तीन वर्षांनी युरोपीय आयोगाच्या संशोधकांनी तीस लाख चित्रे चाळून पृथ्वीवरच्या पाण्याचा नकाशा केला. १९८४ नंतर तळी, नद्या, धरणे कुठे आटली, कुठे नव्याने भरली, हे त्यात ठिपक्या-ठिपक्याने आहे. हा नकाशाही कुणालाही खुला आहे. उजनीचा किंवा जायकवाडीचा फुगवटा वर्षागणिक कसा हलला ते घरबसल्या पाहता येते.

मला त्याहून रंजक वाटते ते अमेरिकेतल्या आयडाहो राज्याचे उदाहरण. तिथे स्नेक नदीच्या पठारावर शेतकरी जमिनीतले पाणी उपसतात, आणि कायदा असा की ज्याचा हक्क जुना त्याला पाणी आधी. साहजिकच कुणी किती उपसले यावर तंटे. प्रत्येक पंपावर मीटर बसवणे महाग. आयडाहो विद्यापीठातल्या संशोधकांनी लँडसॅटच्या उष्णता टिपणाऱ्या पट्ट्याचा उपयोग केला. पिकातून बाष्प बाहेर पडते तेव्हा पाने थंड होतात. शेत किती थंड आहे त्यावरून पिकाने किती पाणी घेतले ते काढता येते. राज्याचे जलखाते या हिशेबावर काम करू लागले. पुढे लँडसॅट-८ वरून हा उष्णतामापक वगळायचे ठरत होते, तेव्हा पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांनी इतका दबाव आणला की तो परत बसवावा लागला. ऊस आणि उपसा यांच्या गावांत राहणाऱ्यांना यातले राजकारण वेगळे समजावून सांगायला नको.

या साऱ्याचे पैशातले मोल किती? भूगर्भ सर्वेक्षण विभागानेच ते काढले आहे: २०१७ या एका वर्षासाठी ३४५ कोटी डॉलर, त्यातले दोनशे कोटींहून थोडे अधिक अमेरिकेतल्या वापरकर्त्यांचे आणि उरलेले परदेशांतल्यांचे. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण तो कसा काढला हेही पाहावे. वापरणाऱ्यांना विचारले गेले की हे चित्र फुकट नसते तर तुम्ही किती मोजले असते. खिशात हात न घालता दिलेली ही उत्तरे आहेत, म्हणून मी तो आकडा सैल हातानेच धरतो. दहापट चुकला असेल असे मानले तरी तो विक्रीच्या त्या दीड कोटींच्या कैक पट उरतो. २०१८ मध्ये पुन्हा शुल्क लावता येईल का, याची चाचपणी वॉशिंग्टनमध्ये झाली. शुल्क काही आले नाही.

पैशात न मोजता येणारा भाग पाहायचा तर ब्राझीलला जावे लागते. तिथली ‘इन्पे’ ही सरकारी अंतराळ-संशोधन संस्था १९८८ पासून मुख्यतः लँडसॅटच्या चित्रांवरून अ‍ॅमेझॉनमधली जंगलतोड दरवर्षी मोजते. सुरुवातीला फक्त एकूण बेरीज जाहीर होई. बेरजेवर कुणाला पकडता येत नाही. २००३ पासून नकाशेच इंटरनेटवर टाकले गेले. चीनच्या साथीने सोडलेल्या स्वतःच्या उपग्रहाची चित्रेही ब्राझीलने २००४ मध्ये, अमेरिकेच्या चार वर्षे आधी, फुकट वाटली. नकाशा हाती आल्यावर सरकारी वकील, पत्रकार, सोयाबीनचे परदेशी खरेदीदार, बँका सगळ्यांनाच तोड नेमकी कुठे झाली ते दिसू लागले. २००४ मध्ये वर्षाला सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर जंगल तुटत होते, २०१२ मध्ये ४,६००. हे श्रेय एकट्या नकाशाला देणे भाबडेपणाचे होईल. छापे पडले, कर्जे अडवली गेली, तोडलेल्या जमिनीवरचा सोयाबीन न घेण्याचा करार २००६ मध्ये झाला. पण यातले एकही पाऊल नकाशाशिवाय टाकता आले नसते.

मग २०१९ उजाडले. तोड वाढल्याचे आकडे आले, राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी ते खोटे ठरवले आणि ऑगस्टमध्ये इन्पेचे प्रमुख रिकार्डो गाल्वाओ यांना पदावरून दूर केले. माणूस हलवला, पण आकडा जागचा हलेना. मूळ चित्रे कुणालाही मिळत होती, बेलेम शहरातली इमाझॉन ही स्वयंसेवी संस्था स्वतंत्रपणे मोजत होती, परदेशातली विद्यापीठे मोजत होती. इन्पेचा वर्षाचा हिशेब नोव्हेंबरमध्ये आला तो दहा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, दशकभरातला सर्वांत मोठा.

आपल्याकडचे काय? भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए मार्च १९८८ मध्ये गेला, म्हणजे या क्षेत्रात आपण नवखे नाही. हैदराबादजवळच्या शादनगर केंद्रात तर त्याआधीपासून लँडसॅटची चित्रे उतरत होती. पण आपल्या उपग्रहांची चित्रे दीर्घकाळ विकत घ्यावी लागत, परवान्यांच्या पायऱ्या चढाव्या लागत. त्यामुळे नदी भारतातली, संशोधक भारतातला आणि आकडे मात्र अमेरिकी उपग्रहाचे, असे निबंध ढिगाने सापडतात. शादनगरला पडून असलेला डेटा मिळवण्यापेक्षा अमेरिकेतल्या दक्षिण डकोटातल्या लँडसॅटच्या साठ्यातून तो उतरवून घेणे विद्यार्थ्याला सोपे जावे, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. २०१२ मध्ये केंद्राने सरकारी डेटा वाटून घेण्याचे राष्ट्रीय धोरण आणले, २०२१ मध्ये नकाशांवरचे निर्बंध मोठ्या प्रमाणात उठवले, आणि २०२३ च्या अंतराळ धोरणात पाच मीटर व त्याहून जाड ठिपक्यांची इस्रोची चित्रे मोफत देण्याचे ठरले. अमेरिकेनंतर पंधरा वर्षांनी का होईना, दिशा तीच आहे.

आता एक अवघड बाजू उरते. जंगलाचे चित्र खुले झाले की चोराची अडचण होते. पण जमिनीची मालकी दाखवणारा कागद खुला झाला तर? कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्पात आपल्या सातबाऱ्यासारखे सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर आणले, तेव्हा त्याचे जगभर कौतुक झाले. सॉलोमन बेंजामिन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये बंगळूरभोवतीच्या गावांचा अभ्यास करून मांडले की त्याचा लाभ लहान शेतकऱ्यापेक्षा मोठ्या जमीन-खरेदीदारांनी अधिक उठवला. त्या अभ्यासाकडे, आणि त्याच्यावर झालेल्या टीकेकडे, पुढच्या लेखांकात वळू.