'मोदक' फॉन्ट वापरून पाहिलात का?

देवनागरी अक्षर किती जाड करता येतं? शिरोरेषा, मात्रा, जोडाक्षरं अशी आधीच गर्दी. त्यात जाडी वाढवली की अक्षराच्या पोटातली पोकळी बुजते आणि वाचणं अवघड होतं. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेच्या सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी 'मोदक'मध्ये यावर झकास तोडगा काढलाय. अक्षरं मस्त गुबगुबीत, पण आत बारीक फट राखलेली. 'ब' मोठ्या आकारात टाइप करून बघा. पोकळी जवळजवळ गायब, तरी नुसत्या चिरांवरून 'ब' लगेच ओळखू येतो! रोमन अक्षरंही त्याच थाटातली. पोस्टरला, मुलांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाला एकदम फिट. सलग मजकुराला मात्र नको. गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे.

#देवनागरी #अक्षररचना